ऐकलं असेल तर एक दाबा

अण्णा, मॅनेजर साहेबांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला आहे. तीन ओळी पुरे, म्हणाले. आज रविवार, मिल बंद, म्हणून जेवण उरकून लिहायला बसले. तीन ओळींत मावेना, पानभर झालं तरी मावेना. मग लक्षात आलं की हे मी साहेबांना लिहीतच नाही, तुम्हाला लिहिते आहे. तेव्हा साहेबांचा खुलासा जरा थांबेल, आधी तुमचा.

तुम्हाला जाऊन दोन आठवडे होत आले. मिलमध्ये शोकसभा झाली. तुमचा फोटो खुर्चीवर ठेवला, हार घातला, आणि एकामागून एक उठून सगळ्यांनी सांगितलं की शरणप्पा म्हणजे शांत माणूस, उभ्या आयुष्यात कुणाला उलटून बोलला नाही. मला हसू येत होतं आणि रागही. तुम्ही आणि शांत? पाच वर्षं मी तुमच्याशी रोज भांडले. तुमचं डबा खाणं आणि माझ्याशी वाद घालणं एकाच वेळी चालायचं. मेलेल्या माणसाला आज्ञाधारक करून टाकायची लोकांना फार घाई असते. मी काही बोलायला उठले नाही, कारण उठले असते तर भलतंच बोलले असते. ते आता बोलते.

सुरुवात माझ्या टेबलापासून करावी लागेल. हुमनाबादच्या औद्योगिक वसाहतीतली आपली डाळमिल. तूर येते, डाळ होऊन जाते. गेट, वजनाचा काटा, नमुना तपासायची खोली, मशीनं, सहा गोदामं आणि ऑफिस. ह्या सगळ्यांमधून तूर जायची ती वेगळी, आणि बातमी जायची ती वेगळी. बातमी चिठ्ठीवर जायची. कुठलं मशीन बंद, कुठल्या गोदामात जागा, कुठल्या गोदामात किडीसाठी विषारी गॅस सोडला, सगळ्याच्या चिठ्ठ्या आधी माझ्या टेबलावरच्या ट्रेमध्ये, मग साहेबांची सही, मग पुढे. सहीशिवाय कागद हलणार नाही असा नियम होता आणि त्या नियमाचा मला अभिमान होता. आत फूल असलेला काचेचा पेपरवेट मी स्वतः विकत आणला होता. तुम्ही तेव्हा गोदामांचे सुपरवायझर. ट्रेकडे बघून म्हणायचात, "बाई, हे कागद अंडी उबवायलेत का?" मला राग यायचा. करजगी गावची मी, उत्तर ठेवून घेणाऱ्यांतली नव्हे, पण नोकरीला सहाच महिने झाले होते म्हणून गप्प बसायची.

पाच वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी गोदाम तीनमध्ये गॅस सोडल्याची चिठ्ठी तुम्ही सकाळी दहाला माझ्याकडे पाठवली. साहेब मालकांना भेटायला हैदराबादला गेले होते. मी चिठ्ठी ट्रेमध्ये ठेवली आणि वर पेपरवेट ठेवला. पुढच्या दारावर पाटी होती, पण मागच्या दारानं हमाल बारदान काढायला जायचे, तिकडे पाटी नव्हती; हमालांना कळायचं ते ऑफिसातून गेलेल्या चिठ्ठीनं. दुपारी हमालांतला महादेव त्या मागच्या दारानं आत गेला. टोळीच्या मुकादमानं, रसूलभाईंनी, त्याला पायाला धरून ओढत बाहेर काढलं तेव्हा त्याचे डोळे पांढरे झाले होते. तो वाचला. कित्येक दिवस बिदरच्या दवाखान्यात होता, आणि तेव्हापासून त्याला पोतं उचलत नाही. आज तो गेटवर खुर्ची टाकून बसतो आणि जाता-येता मला नमस्कार करतो. त्याचा तो नमस्कार मला रोज सोसावा लागतो.

चौकशीत साहेबांनी विचारलं, चिठ्ठी कुठं अडली? मी खाली बघत होते. तुम्ही म्हणालात, "माझ्याकडनंच उशीर झाला, साहेब. मी पाठवलीच दुपारी." इतकंच. तुमचं सुपरवायझरपद गेलं, तुम्हाला काट्यावर बसवलं. लॉऱ्या मोजायला. गोदामं बांधली गेली तेव्हापासून त्यांत राबलेला माणूस पत्र्याच्या केबिनमध्ये बसून आकडे वाचू लागला, आणि मी माझ्या खुर्चीत पंख्याखाली राहिले. अण्णा, मी तुम्हाला कधी विचारलं नाही, कामून केलंत असं? विचारलं असतं तर चिठ्ठी दहा वाजता आली होती हे मला तोंडानं म्हणावं लागलं असतं. पाच वर्षं समोरासमोर बसून डबे खाल्ले आणि ते एक वाक्य मी गिळत राहिले. तुम्हाला सगळं ठाऊक होतं, आणि तुम्ही एकदाही मला त्याची आठवण करून दिली नाहीत. त्याचा मला जास्त त्रास झाला.

काट्यावर गेल्यावर चार महिन्यांनी तुम्ही ऑफिसात आलात आणि मोबाईल माझ्या कानाला लावलात. बँकेचा फोन होता, मशीन बोलत होतं. तुम्ही म्हणालात, "बगा, सही न्हाई, चिठ्ठी न्हाई, माणूस बी न्हाई. तरी बातमी माज्या कानापर्यंत आली की न्हाई?" मला वाटलं म्हातारा नवं खूळ घेऊन आला. पण तुम्ही हिंदीतले आणि कन्नडमधले व्हिडिओ बघून वही भरून आणली होतीत, आणि टाईप करायला तुम्हाला मी हवी होते. मी हो म्हटलं. उपकार म्हणून नव्हे, कुठूनतरी फेड सुरू करायची होती म्हणून.

साहेबांना तुम्ही सांगितलंत की लॉऱ्यांची रांग लवकर हलेल. ते खोटं नव्हतं, आणि त्यांनी मान डोलावली. आपण केलं ते असं, की काट्यावरच्या मोबाईलमध्ये गोदामाचा नंबर निवडायचा, काय झालं ते निवडायचं, आणि बटण दाबायचं. पुढचं संगणक आपोआप करणार: आवाजाचे तुकडे जोडणार आणि सगळ्यांना फोन लावणार, साध्या बटणांच्या फोनवरसुद्धा, ज्याला जी भाषा कळते त्या भाषेत. मराठी, कन्नड आणि रसूलभाईंच्या टोळीसाठी दखनी. शिवाय रोज सकाळी आठला आणि दुसरी पाळी लागताना चारला सगळ्या मिलची हालहवाल.

आवाज कुणाचा, ह्यावर आपलं पहिलं मोठं भांडण झालं. मी म्हणत होते, संगणकात तयार बाईचा गोड आवाज मिळतो, तो घेऊ. तुम्ही म्हणालात, गोड आवाज ऐकून लोक फोन ठेवतात, काहीतरी विकायलेत म्हणून. आवाज ओळखीचा पाहिजे. मग दुपारच्या सुट्टीत नमुन्याच्या खोलीत, तुरीच्या पोत्यांमध्ये बसून, पंखा बंद करून, घामानं निथळत तुम्ही बोलत होतात आणि मी मोबाईल धरून बसले होते. एक, दोन, तीन. ओंदु, एरडु, मूरु. गोदाम. चालू. बंद. गॅस सोडलाय, दाराला हात लावू नका. मराठीतल्या 'तीन'च्या मागे हायवेवरच्या लॉरीचा हॉर्न आला. मी म्हटलं, परत घेऊ. तुम्ही म्हणालात, "राहू द्या. काट्यावरनं बोलायलाय म्हणून कळंल." तो हॉर्न आजही आहे. आणि प्रत्येक निरोपाच्या शेवटी तुम्ही नाव घातलंत: मी शरणप्पा, काट्यावरून. मी विचारलं, नाव कशाला? तर म्हणे ज्यानं सांगितलं त्याचं नाव असलं पाहिजे, चुकलं तर धरायला. माझ्याकडे न बघता म्हणालात, पण मला ते लागायचं तिथं लागलं.

दुसरं भांडण 'एक'वरून. मला वाटत होतं फोन गेला म्हणजे काम झालं. तुम्ही म्हणालात, गेला म्हणजे पोचला न्हाई. म्हणून शेवटी 'ऐकलं असेल तर एक दाबा' आलं. न दाबणाऱ्याला पुन्हा फोन जातो, तीनदा जातो, आणि तरी नाही दाबलं तर यादीत त्याचं नाव लाल होतं. मग कुणीतरी उठून पायी जायचं आणि त्याला तोंडानं सांगायचं. मी म्हटलं, मग मशीन कशाला केलं, शेवटी चालायचंच असेल तर? तुम्ही म्हणालात, मशीन कुणाकडं चालत जायचं ते सांगतंय, एवढं पुरे आहे. ह्या वादात मी हरले हे आज लिहून देते. तुम्ही असताना कबूल केलं असतं तर तुम्ही आठवडाभर मिरवलं असतं.

तिसरं भांडण माझ्याशी नव्हतं, साहेबांशी होतं. यंत्र चालतंय म्हटल्यावर त्यांना वाटलं, उशिरा येणाऱ्यांची नावं ह्याच फोनवरून सगळ्यांना ऐकवू. तुम्ही सरळ नाही म्हणालात. ह्या फोनवरून कुणाला रागवायचं नाही, रागवलं की लोक उचलणार नाहीत, आणि ज्या दिवशी उचलायला पाहिजे त्या दिवशीही उचलणार नाहीत. साहेब लाल झाले. तुम्ही टोपी घालून काट्यावर निघून गेलात. शांत माणूस म्हणे.

आता तुमच्या गावचं, खटकचिंचोळीतलं सांगते, कारण ते तुम्ही पाहिलं नाहीत, म्हणजे निदान डोळे मिटूनच होतात. सोमवारी पहाटे तुम्ही गेलात, दुपारनंतर तुमच्याच शेतात तुम्हाला ठेवायचं होतं. तुमच्याकडच्या लिंगायत रीतीप्रमाणे तुम्हाला बसवलं होतं, कपाळाला विभूती, आणि लोक एकेक करून बेलाची पानं वाहत होते. काट्यावर बसायचात तसेच ताठ बसला होतात. मिलमधले सगळे आले होते, रसूलभाईंची टोळी होती, महादेव काठी टेकत आला होता. सगळ्या धावपळीत चारचा फोन बंद करायचं मला सुचलंच नाही.

चार वाजले आणि सगळ्यांच्या खिशांतले फोन एकदम वाजले. घाईघाईत कुणी उचलला, कुणाचा उचलताना आवाज मोठा झाला, आणि शेतभर तुमचा आवाज घुमायला लागला, तीन भाषांत, जरा मागेपुढे. गोदाम एक चालू. गोदाम दोन चालू. मग तो हॉर्न आणि गोदाम तीन चालू. मी मेले असते तर बरं असं वाटलं. माणसं फोन हातात धरून उभी होती. साहेब माझ्याकडे बघत होते. आणि तुमच्या मंडळी कमलाक्का, तुमच्या पायाशी बसलेल्या, पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "ऐकलं न्हवं? मग दाबा की एक. न दाबल्यालं त्यांना चालत न्हाई."

सगळ्यांनी दाबलं. रसूलभाईंनी आधी दाबलं, मग महादेवनं, मग सगळ्यांनी. बटणांचे आवाज झाले आणि त्यानंतर मातीचा. तिथे मी रडले, मिलमध्ये नाही.

त्याच गुरुवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दोन गोष्टी सांगितल्या. मेलेल्या माणसाचा आवाज रोज सकाळी ऐकवणं बरं दिसत नाही, तो काढून टाका. आणि इथून पुढे प्रत्येक निरोप आधी त्यांच्या मोबाईलवर जाईल, त्यांनी 'मंजूर' दाबलं की मगच लोकांना फोन. त्या शेतातल्या प्रकारानं ते हादरले होते हे मला समजत होतं. मालकांपर्यंत गेलं तर काय, ह्या धास्तीत ते नेहमीच असतात. माणूस दुष्ट नाही. पण दुष्ट नसलेल्या माणसाच्या सहीपायीच महादेव पडला होता.

आवाजाचं रसूलभाईंच्या कानावर गेलं आणि ते ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले. "बाई, आवाज रहने देव. अण्णा बोले तो हमारे लोगां दरवाजे को हात नई लगाते. दुसरा कोई बोले तो सोचते बैठते." मी त्यांना बरं म्हटलं. आवाज ठेवला. पण 'मंजूर'ची पायरी मी घातली, अण्णा. परवाच्या शुक्रवारी, मुकाट्यानं, नीट तपासून घातली. खोटं कशाला सांगू? हाताला सवय असते. तुम्ही होतात तोवर माझ्या वाटचं उलटून बोलणं तुम्हीच करत होतात आणि मला फक्त डबा खायचा होता.

आणि काल, शनिवारी, गोदाम तीनमध्ये कीड दिसली. औषधवाले दुपारी बाराला आले, गोळ्या ठेवल्या, पुढच्या दाराला कागद चिकटवले आणि एकच्या सुमारास मला सांगून गेले. तुमच्या जागी मी फॉर्म भरला, बटण दाबलं. पडद्यावर आलं: मंजुरीची वाट पाहत आहे. साहेब एका लग्नासाठी कलबुर्गीला गेले होते. फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. मागच्या दाराला आता कुलूप असतं, पण किल्ली हमालांकडेच, कारण बारदान रोज लागतं. मी पडद्याकडे बघत बसले. वीस मिनिटं बसले. काचेत फूल असलेला तो पेपरवेट अजून माझ्या टेबलावरच आहे, आणि मी सहीची वाट बघत होते.

खिडकीतून दिसलं की जेवून झाल्यावर कडुनिंबाखालून टोळी उठायला लागली आहे. कोण कुठल्या वाटेनं जाणार ते मला माहीत नव्हतं. गोदाम तीन पार मागे, धावत जाऊन मी वेळेत कुठं पोचणार होते, आणि एकेकाला फोन लावून किती जणांना गाठणार होते? ती पायरी मी काढली. नुसती बाजूला केली नाही, मुळासकट काढली. आणि बटण दाबलं.

कडुनिंबाखाली फोन वाजले. मागच्या दाराच्या वाटेवर दोघं निघालेलेच होते, त्यांच्या खांद्यावर दोऱ्या होत्या. ते थांबले. तुम्ही सांगितलंत, गोदाम तीन, गॅस सोडलाय, दाराला हात लावू नका, आणि ते परत फिरले. माझ्या पडद्यावर 'एक' येऊ लागले. सगळे आले. एकही नाव लाल झालं नाही. काही घडलं नाही, म्हणून कुणाला त्याचं काही वाटलंही नाही. टोळी दुसऱ्या कामाला लागली.

संध्याकाळी साहेब आले, पडदा बघितला आणि विचारलं, कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मी म्हटलं, कुणीच नाही, मी केलं. ते म्हणाले, सोमवारी लेखी द्या, आणि पायरी परत घाला. मी म्हटलं, लेखी देते. पायरी घालणार नाही. पाच वर्षांपूर्वी हे एवढंच बोलता आलं असतं तर तुम्ही गोदामातच राहिला असतात.

ते केबिनमध्ये गेल्यावर मी नमुन्याच्या खोलीत गेले. पंखा बंद केला, पोत्यांमध्ये बसले, आणि मोबाईल स्वतःच धरला. पहिल्यांदा आवाज फुटला, दुसऱ्यांदा खोकला आला, तिसऱ्यांदा जमलं. तीनही भाषांत तीनच शब्द. माझी कन्नड ऐकून तुम्ही हसला असतात, हसा.

काल रविवारी इथवर लिहून ठेवलं होतं. आज सोमवार. खुलासा दिला, अण्णा. तीन ओळींतच बसला शेवटी. पहिली ओळ, मंजुरीची पायरी मी काढली आणि पुन्हा घालणार नाही. दुसरी, त्या वर्षीची गॅसची चिठ्ठी माझ्याकडे सकाळी दहा वाजता आली होती, ती मी ट्रेमध्ये ठेवली, शरणप्पांनी उशीर केला नव्हता. तिसरी ओळ म्हणजे माझी सही. वाचून साहेबांनी कागद खणात ठेवला. काय करायचं ते ते ठरवतील. मला काढतील कदाचित. काढलं तर काढलं. तो कागद गेटवर महादेवला मी आधीच वाचून दाखवला होता. त्यानं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि आज पहिल्यांदाच त्यानं मला नमस्कार केला नाही. मला ते बरं वाटलं.

आणि त्याच्याही आधी, आठ वाजता फोन गेले होते. गोदाम एक चालू, दोन चालू, मग हॉर्न, गोदाम तीन बंद, गॅस आहे. मी शरणप्पा, काट्यावरून. आणि त्याला लागून, जरा घाबरलेला माझा आवाज: मी सुनंदा, ऑफिसातून. ऐकलं असेल तर एक दाबा.

यादीतून तुमचा नंबर काढा असंही साहेबांनी त्या गुरुवारी सांगितलं होतं. मी काढलेला नाही. तुमच्या नंबरवरून 'एक' नेहमी सगळ्यांत आधी यायचा. आज उशिरा आला, तिसऱ्या फोनला. कमलाक्का चुलीपाशी असतील, हात पुसून मग उचलला असेल. पण आला, अण्णा. तुमचं नाव लाल झालं नाही.